जुन्या रिव्हॉल्व्हरची ओळख आणि मोल

(नभोवाणीवरील भाषण)

घरांतील कर्तें माणूस निवर्तलें, जुना वाडा विकावयाचा ठरला किंवा दिवाळीपूर्वीं माळ्यावरची आवराआवर निघाली, कीं जुन्या ट्रंकांतून काय बाहेर येईल याचा नेम नसतो. मोडी कागदांचीं बाडें, बंद पडलेलें खिशांतील घड्याळ, कोणा पूर्वजाची सनद, आणि एखाद्या घरीं तेलकट फडक्यांत गुंडाळलेलें जड रिव्हॉल्व्हर. तें हातीं येतांच भोंवतीं जमलेल्या मंडळींत तीन प्रश्न उठतात. हें कोणाचें? किती जुनें? आणि याचे पैसे किती येतील? या तिन्ही प्रश्नांच्या आधीं विचारावयाचा जो प्रश्न, तो मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. तो म्हणजे, हें भरलेलें तर नाहीं ना?

हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांत आजच्यासारखें काडतूस नसे. सुटी दारू व शिशाची गोळी सिलिंडरच्या तोंडाकडून, म्हणजे पुढच्या बाजूनें, ठासून भरीत आणि मागील बाजूच्या बोंडीवर तांब्याची लहानशी टोपी, जिला आपल्याकडे केप म्हणत, ती बसवीत. मागून पाहणाऱ्यास अशा हत्याराच्या पोटांत काय आहे हें मुळींच दिसत नाहीं. केप गळून गेली म्हणून आंतली दारू गेली असें होत नाहीं, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनींहि आपला गुण सोडीत नाहीं. तेव्हां नळी कोणाकडेहि न रोखतां, चापाला व घोड्याला बोट न लावतां, तें हत्यार मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावें. आंत अडकलेली गोळी ठोकून काढण्याचा किंवा गंज सोडविण्यासाठीं हत्यार तापविण्याचा उद्योग तर स्वप्नांतहि करूं नये. तें रिकामें आहे कीं नाहीं हें पाहणें जाणत्या बंदूक-कारागिराचें काम आहे. पण म्हणून पिशवींत घालून तें परस्पर त्याच्याकडे नेणेंहि बरें नव्हे. कारण येथें कायद्याची गोष्ट उभी राहते.

वस्तु शंभर वर्षांची झाली म्हणजे ती शोभेची झाली व परवान्याचें कारण उरलें नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बहुधा परदेशी पुस्तकें वाचून झालेली असते. अमेरिकेंत १८९८ अखेरपर्यंत बनलेलें हत्यार संघराज्याच्या कायद्यानें पुराणवस्तु मानलें जातें हें खरें. पण भारतांत नुसतें साल पाहून सूट मिळत नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या धर्तीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांना मोकळीक आहे. पण तें हत्यार जसें आहे तसें, किंवा दुरुस्त करूनहि, चालण्याजोगें नसावें अशी तेथें अट आहे. ‘दुरुस्त करूनहि’ या दोन शब्दांत सारें आलें. शंभर सव्वाशें वर्षांचें चांगलें जपलेलें रिव्हॉल्व्हर थोड्या खटपटीनें उडूं शकतें, आणि तें उडूं शकतें कीं नाहीं याचा निकाल घरांतल्या मामांनीं ओट्यावर बसून द्यावयाचा नसतो. पूर्वजांच्या नांवाचा परवाना होता, एवढ्यानेंहि भागत नाहीं. परवाना माणसाला मिळालेला असतो, घराण्याला नव्हे. परवानेदार वारल्यावर वारसानें हत्यार विनाविलंब पोलिस ठाण्यांत किंवा परवानेदार व्यापाऱ्याकडे ठेवावयाचें, आणि मग स्वतःसाठीं परवाना मागावयाचा अथवा कायद्यानुसार विक्री करावयाची, असा मार्ग आहे.

या मार्गाची माहिती नसल्यामुळें घरांचें फार नुकसान होतें. पतीच्या मागें एकट्या राहिलेल्या स्त्रीला खटल्याची भीति घालून, “वहिनी, हें घरांत ठेवूं नका, मी परस्पर वाट लावतों,” असें म्हणत वस्तु उचलून नेणारे हितचिंतक कोठेंहि भेटतात. भीतीनें रिव्हॉल्व्हर रातोरात विहिरींत टाकून देणारींहि माणसें असतात. उलट, जें घर सरळ ठाण्यांत जाऊन वस्तु जमा करतें त्याला पावती मिळते. पण त्या पावतीवर ‘एक जुनें पिस्तूल, गंजलेलें’ एवढेंच लिहिलें असेल, तर उद्यां तीच वस्तु परत मिळाली हें सिद्ध कशानें करावयाचें? म्हणून ओळख पटविण्याचें काम हें केवळ हौशी संग्राहकाचें नव्हे. आपल्या घरांत काय होतें हें चार ओळींत बिनचूक सांगतां येणें, एवढी त्याची खरी गरज आहे.

ओळखीच्या आड येणारा सर्वांत मोठा शत्रु गंज नव्हे, स्वच्छतेची आवड होय. देवाचीं तांब्यापितळेचीं भांडीं चिंच लावून लख्ख करण्याची संवय असलेल्या घरांत काळवंडलेलें लोखंड कोणाला पाहवत नाहीं. मग काचकागद येतो, राख येते, आणि तासाभरांत रिव्हॉल्व्हर चांदीसारखें चकाकूं लागतें. त्या तासांत दीडशें वर्षांचा पुरावा निघून जातो. नव्या हत्याराच्या पोलादावर कारखान्यांत एक निळसर काळें पाणी चढविलेलें असे. त्याचा जो अंश कोपऱ्याकापऱ्यांत, चापाच्या कडीजवळ किंवा नळीच्या खोबणींत शिल्लक असतो, त्यावरच जाणकार माणूस वस्तूची पारख करतो. मूळच्या निळाईपैकीं शेंकडा किती उरली, अशी भाषाच त्या बाजारांत आहे. घासल्यानें अक्षरांच्या कडा बोथट होतात, शिक्के पुसट होतात. कोरड्या मऊ फडक्यानें धूळ टिपावी, यापलीकडे घरच्या माणसानें कांहीं करूं नये.

आतां प्रत्यक्ष ओळखीकडे वळावें. हत्यार पुढून दारू ठासून भरण्याचें आहे कीं मागून काडतूस घालण्याचें, हें आधीं पाहावयाचें. सिलिंडरच्या मागच्या बाजूस केपांसाठीं बोंड्या असतील तर तें पहिल्या पिढींतलें. सिलिंडरच्या कडेला बारीक खांचा असून त्यांतून काडतुसाची आडवी टांचणी बाहेर येत असेल, तर तें फ्रान्समधील लफोशो याच्या धर्तीचें. असलीं हत्यारें फ्रान्स व बेल्जियममध्यें अमाप निघालीं. सिलिंडर मागून आरपार मोकळा असेल, तर तें नंतरच्या काडतुसी पिढीचें. एवढ्या एका पाहणीनें निम्मा गोंधळ मिटतो.

उदाहरणादाखल पहिल्या पिढींतील सर्वांत प्रसिद्ध हत्यार घेऊं. सॅम्युएल कोल्ट हा अमेरिकेच्या कनेक्टिकट प्रांतांतील हार्टफर्ड गांवीं १८१४ सालीं जन्मला. सोळाव्या वर्षीं, १८३० सालीं, तो ‘कॉर्व्हो’ नांवाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीस निघाला, आणि त्या प्रवासांत त्यानें फिरत्या सिलिंडरचा लांकडी नमुना कोरला अशी कथा आहे. जहाजाचें सुकाणूचें चाक पाहून त्याला ती कल्पना सुचली, असेंहि सांगतात. कारखानदारांच्या चरित्रांत असल्या गोष्टींना तोटा नसतो. १८३६ सालीं त्याला अमेरिकेंत पेटंट मिळालें. पॅटरसन येथील त्याचा पहिला कारखाना १८४२ पर्यंत बुडाला. पण तो पुन्हां उभा राहिला, आणि १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनांत त्याचीं रिव्हॉल्व्हरें मोठ्या डौलानें मांडलीं गेलीं. १८५३ सालीं त्यानें लंडनांत थेम्सकांठीं पिम्लिको येथें यंत्रांचा कारखाना सुरू केला. तो चार वर्षांच्या आंतबाहेरच बंद पडला, पण तेवढ्यांत तेथून ‘नेव्ही’ नांवाच्या नमुन्याचीं सुमारें ४२ हजार हत्यारें बाहेर पडलीं. हार्टफर्ड येथें तोच नमुना १८७३ पर्यंत निघत राहिला आणि त्यांची संख्या २ लाखांच्या वर गेली.

हें नेव्ही रिव्हॉल्व्हर सहा बारांचें. नळी अष्टकोनी, साडेसात इंच लांब. वजन सुमारें अडीच पौंडांहून थोडें अधिक. सिलिंडरच्या वरून जाणारी लोखंडाची पट्टी त्याला नाहीं. नळी एका आडव्या पाचरीनें पुढच्या बाजूस अडकविलेली असते. सिलिंडरवर आगबोटी व गलबतें यांच्या लढाईचें बारीक चित्र उमटविलेलें असतें. टेक्ससच्या आरमारानें मेक्सिकोशीं १६ मे १८४३ रोजीं दिलेल्या लढाईचें तें चित्र, आणि ही तारीखहि त्याखालीं वाचतां येते. येथेंच पुष्कळ घरें फसतात. १८४३ हा आंकडा दिसला कीं हत्यार १८४३ चें ठरतें, आणि पुढील तीन पिढ्या पाहुण्यांना तेंच सांगितलें जातें.

लंडनचें नेव्ही व हार्टफर्डचें नेव्ही यांतील भेद ज्याला कळला त्याला या विद्येची गोडी लागली म्हणून समजावें. नळीच्या माथ्यावर लंडनच्या हत्यारावर कर्नल कोल्ट व लंडन अशीं नांवें रोमन अक्षरांत असतात. हार्टफर्डच्या पुष्कळांवर न्यूयॉर्क शहराचा पत्ता असतो. हार्टफर्डच्या हत्याराची चापाभोंवतालची कडी व मुठीची पाठ बहुधा पितळेची, लंडनच्याची लोखंडाची. लंडनच्या हत्यारावर नळी व सिलिंडर या दोहोंवर मुकुटाखालीं व्ही आणि मुकुटाखालीं जी व पी हीं गुंफलेलीं अक्षरें, असे परीक्षेचे शिक्के असतात. पण नुसता शिक्का पाहून निकाल देऊं नये. हार्टफर्डहून आणून इंग्लंडांत विकलेल्या हत्यारांनाहि तेथें परीक्षा द्यावी लागे व तोच शिक्का बसे. शिक्का सांगतो तें परीक्षेचें गांव. जन्माचें गांव निराळें असूं शकतें.

आणि मग क्रमांक. कोल्टच्या कारखान्यांत एकच अनुक्रमांक नळी, चौकट, चापाची कडी, मुठीची पाठ, सिलिंडर, इतकेंच काय त्या लहानशा पाचरीवरहि ठोकीत. हे आंकडे सर्वत्र जुळले तर हत्यार कारखान्यांतून निघालें तसेंच आहे. एखादा निराळा निघाला तर तो भाग मागून दुसऱ्या हत्याराचा आणून बसविलेला आहे. पाचर हरवण्यासारखी वस्तु, म्हणून तिचा आंकडा न जुळणें क्षम्य समजतात. सिलिंडरचा न जुळला तर किंमत बरीच खालीं येते. क्रमांकावरून कारखान्याच्या वह्यांत शोध घेतां येतो. मात्र फेब्रुवारी १८६४ मध्यें हार्टफर्डच्या कारखान्याला मोठी आग लागली, त्यामुळें त्यापूर्वींच्या हत्यारांविषयीं फार आशा धरूं नये.

कोल्टचा प्रतिस्पर्धी इंग्लंडांतला रॉबर्ट अॅडम्स. त्यानेंहि १८५१ मध्येंच पेटंट घेतलें आणि त्याच प्रदर्शनांत आपलें हत्यार ठेवलें. त्याची नळी व चौकट एकाच तुकड्यांतून घडविलेली, सिलिंडर पांच बारांचा, आणि चाप ओढला कीं घोडा आपोआप उठून पडे. त्या पहिल्या नमुन्याच्या घोड्याला अंगठ्यानें ओढण्याचें शेपूटच नाहीं. १८५६ सालीं बोमाँट नांवाच्या लष्करी इंजिनियरनें त्यांत सुधारणा करून दोन्ही सोयी आणल्या. हिंदुस्थानाशीं या हत्यारांचा संबंध येतो तो येथें. इंग्रज अधिकाऱ्याला पिस्तूल बहुधा पदरच्या पैशानें घ्यावें लागे, त्यामुळें १८५७ च्या धामधुमींत कोल्ट व अॅडम्स दोन्ही येथें पोंचलीं होतीं. कोल्टची गोळी लहान व हलकी, अॅडम्सची मोठी. अंगावर धांवून येणारा शिपाई कोल्टच्या गोळ्या खाऊनहि थांबला नाहीं व त्यानें अधिकाऱ्याचें डोकें फोडलें, अशी हकीकत त्या काळच्या लष्करी वर्तुळांत सांगत. तींत शिपायाच्या छातीचें कौतुक करण्याचा हेतु नसे. वाद चाले तो गोळीच्या वजनाचा.

या संबंधामुळेंच आपल्याकडे सांपडणारें प्रत्येक रिव्हॉल्व्हर सत्तावन सालचें असतें! घराण्याची आख्यायिका खोटी म्हणून फेंकून देऊं नये, पण हत्यारासमोर तिची साक्ष घ्यावी. वेब्ली कंपनीचें ‘मार्क सहा’ हें रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यांत १९१५ सालीं आलें. तें हातीं घेऊन झाशीच्या वेढ्याच्या गोष्टी सांगितल्या जात असतील तर गोष्ट तरी चुकली आहे किंवा हत्यार तरी बदललें आहे. हत्यारावर देशाचें नांव ठळक लिहिलेलें असेल तर तें बहुधा १८९१ नंतरचें. अमेरिकेनें आयात मालावर उत्पत्तीचा देश लिहिण्याची सक्ति केली तेव्हांपासून ही चाल पडली. बेल्जियमच्या लिएज शहराचा शिक्का लंबवर्तुळांत ई, एल, जी या अक्षरांचा. त्यावर मुकुट असेल तर हत्यार १८९३ नंतर परीक्षिलेलें. ‘इंग्लंडांत बनलेलें नाहीं’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकलेले असतील तर परीक्षा १९२५ ते १९५५ या काळांतली.

पेटंटाच्या तारखेनें तर भलेभले चकतात. स्मिथ आणि वेसन यांच्या सुरुवातीच्या हत्यारांवर ३ एप्रिल १८५५ ही तारीख असते. ती रॉलिन व्हाइट याच्या आरपार सिलिंडरच्या पेटंटाची. त्यांतला एक नमुना १८६१ मध्यें निघूं लागला व १८७४ पर्यंत चालू होता. कोल्टच्या ‘सिंगल अॅक्शन’ वर १८७१, १८७२ व १८७५ चीं पेटंटें लिहिलेलीं सांपडतात, पण तें हत्यार १९४० पर्यंत अखंड बनत होतें. त्याचप्रमाणें कलकत्त्याच्या रॉडा किंवा मॅन्टन या पेढीचें नांव दिसलें म्हणून हत्यार कलकत्त्याचें होत नाहीं. तीं विकणाऱ्यांचीं नांवें. मात्र असें नांव पुसूं नये. तें हत्यार या देशांत कसें आलें याचा तो बोलका दाखला असतो.

बनावट मालाचाहि विचार ठेवावा. वायव्य सरहद्दीवरील दऱ्याच्या कारागिरांनीं हातानें घडविलेल्या वेब्लीच्या नकला प्रसिद्ध आहेत. त्यांची कारागिरी थक्क करणारी असते, पण इंग्रजी न जाणणारा माणूस एन हें अक्षर उलटें कोरतो आणि तेथें सोंग उघडें पडतें. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून इटलींत कोल्टच्या नेव्हीच्या हुबेहूब प्रतिकृति होऊं लागल्या. त्या प्रामाणिकपणें प्रतिकृति म्हणूनच विकल्या गेल्या. इटलीच्या परीक्षागृहाचा शिक्का त्यांवर असतो. तो घासून, अॅसिडानें गंज आणून त्यांना म्हातारें करण्याचें काम मागाहूनच्या लबाडांचें.

मोलाचा प्रश्न शेवटीं घेतला आहे, कारण ओळख पुरी झाल्यावांचून तो विचारण्यांत अर्थ नाहीं. जुनें म्हणजे महाग हा हिशेब येथें चालत नाहीं. दोन लाख नगांपैकीं एक झिजलेला नग दीडशें वर्षांचा असूनहि साधारणच राहतो. १८४७ चें ‘वॉकर’ कोल्ट सुमारें अकराशेंच झालें, आणि त्यांपैकीं एका डेन्मार्कच्या जहाजी कप्तानानें घेतलेलें, आपल्या मूळ पेटीसह राहिलेलें हत्यार २०१८ सालीं अमेरिकेंतील लिलावांत १८ लाख ४० हजार डॉलरांस गेलें. विरळपणा, मूळ स्थिति, पेटी व सांचे यांचा संच, अशीं कारणें तेथें एकत्र आलीं होतीं. पण याहून निराळें एक कारण असतें, तें वस्तूच्या वंशावळीचें. १८८१ सालीं बिली द किड या दरोडेखोरास ज्या कोल्टनें पॅट गॅरेटनें मारलें, तें २०२१ मध्यें ६० लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. त्याच नमुन्याचें, तितक्याच चांगल्या स्थितींतलें, पण अनामिक हत्यार त्याच्या पासंगासहि पुरलें नसतें.

फ्रान्समधील दोन उदाहरणें तर शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. दोन्ही हत्यारें लफोशो धर्तीचीं, सात मिलिमीटरचीं, कोणत्याहि दुकानांत मिळणारीं. पहिलें कवि पॉल व्हर्लेन यानें ब्रुसेल्स येथें विकत घेतलें आणि १० जुलै १८७३ रोजीं आपला तरुण मित्र कवि रँबो याच्यावर झाडलें. एक गोळी मनगटास लागली व व्हर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली. २०१६ सालीं पॅरिसच्या लिलावांत त्याचे ४ लाख ३४ हजार ५०० युरो आले. दुसरें ओव्हेर गांवच्या शेतांत १९६० नंतर एका शेतकऱ्याला सांपडलें; गंजून त्याची मूठहि उरली नव्हती. १८९० सालीं चित्रकार व्हॅन गॉग यानें स्वतःवर गोळी झाडली ती याच हत्यारानें, असें मानतात. जागा जुळते, गोळीचें माप जुळतें, जमिनींत पडून राहिल्याचा काळ जुळतो. परंतु निखालस पुरावा नाहीं, आणि विकणाऱ्यांनींहि तसा दावा केला नाहीं. तरीहि २०१९ मध्यें त्याला १ लाख ६२ हजार ५०० युरो मिळाले. पहिल्याला पुराव्याची किंमत आली, दुसऱ्याला संभवाची. दोन आंकड्यांमधील अंतर म्हणजे कागदाचें वजन होय.

असे आंकडे ऐकून भारतांतील घरानें मात्र हुरळून जाऊं नये. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील ऐतिहासिक मोलाची वस्तु खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. येथल्या येथें विकावयाचें तर शस्त्र कायदा आडवा येतो, व घेणाराहि परवानेदारच लागतो. तेव्हां परदेशच्या लिलावाच्या यादींतील किंमत ही आपल्या ट्रंकेंतील वस्तूची किंमत नव्हे. खरेदीदारानें स्वतःच किंमत सांगितली तर ती मुकाट्यानें ऐकून घ्यावी, होकार देऊं नये. ज्याला विकत घ्यावयाचें त्याच्याकडूनच मोल करविणें हा या व्यवहारांतला सर्वांत महाग पडणारा सल्ला. ज्याला घेणें देणें नाहीं अशा जाणकाराचें लेखी मत घ्यावें.

आणि ट्रंक रिकामी करतांना हत्याराबरोबर निघालेलें दुसरें कांहीं टाकूं नये. जुना परवाना, खरेदीचें बिल, कमरेला लावलेल्या हत्यारासह पूर्वजाचा फोटो, गोळ्या ओतण्याचा पितळी सांचा, तेलाची कुपी, फुटकी महोगनीची पेटी, हें सारें एकाच घराण्याचें म्हणून एकत्र राहूं द्यावें. वडील माणसांना जें आठवतें तें तारीख घालून लिहून काढावें व त्याखालीं सही घ्यावी. ठाण्यांत वस्तु जमा करतांना ठाणेदाराशीं आधीं बोलून ती तेथेंच तपासून रिकामी करून घ्यावी. तिचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावे. पावतीवर नमुन्याचें नांव, क्रमांक, नळीची लांबी व शिक्के हीं चारहि उतरलीं आहेत कीं नाहींत हें तेथेंच वाचून पाहावें, आणि नसल्यास त्याच वेळीं लिहवून घ्यावें.